चार कोपऱ्यांचं पाणी

सीगेनहळ्ळीच्या तळ्यात त्या वर्षी सात खाचा पाणी उरलं होतं आणि त्या पाण्याकडे त्र्याण्णव शेतं डोळे लावून बसली होती.

तळ्याच्या मोरीशी दगडाचे दोन खांब आहेत. त्यातल्या एकावर कुणा जुन्या माणसाने वीत-वीत अंतरावर खाचा पाडून ठेवल्यात. पाणी तिसऱ्या खाचेवर आलं की मोरी बंद. त्याच्या खालचं पाणी गुरांचं आणि गंगम्मादेवीचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. म्हणजे हिशेबाला उरल्या चारच खाचा. चार खाचांत सगळ्या शेतांना पाण्याची एक पाळी होते. तीही नीट दिली तर.

पाळी देण्याचं काम नीरगंटीचं. मोरीच्या भोकात एक लाकडी बूच असतं, बुचाला पुरुषभर उंचीचा दांडा. तो दांडा उचलायचा हक्क अख्ख्या गावात एकाला. पाणी कुणाला, किती आणि कधी, हे त्याने ठरवायचं आणि सुगीला प्रत्येक शेतातून एक पेंढी त्याच्या घरी जायची. पिळ्ळम्माचा नवरा नीरगंटी होता. तो वारला तेव्हा बाईमाणसाच्या हाती दांडा कसा द्यायचा, यावर गावाने तीन बैठका घातल्या. तिसऱ्या बैठकीत कुणाच्या तरी लक्षात आलं की नवरा शेवटची दोन वर्षं अंथरुणावरच होता आणि पाणी तर वेळेवर येत होतं. मग बैठक उठली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

पिळ्ळम्माची पाणी मोजायची रीत साधी होती. शेतात जायचं, टाच रोवायची, अर्धा वळसा घ्यायचा आणि टाचेला काय लागतं ते बघायचं. बाकी ती बोलायची कमी, ऐकायची जास्त, आणि ऐकताना सुपारी कातरायची.

तर त्या सोमवारी गंगम्माच्या कट्ट्यावर गाव जमलं. कट्ट्यावर मोठी माणसं आणि खालच्या पायरीवर पिळ्ळम्मा. नीरगंटी तिच्या आजेसासऱ्यापासून त्याच पायरीवर बसत आलेला. तम्मेगौडा बोलायला उठला. याचं टोमॅटोचं शेत मोरीला लागूनच, पहिलंच. पाणी सुटलं की आधी त्याला दिसतं, म्हणून सगळं पाणी आपलंच असं त्याला लहानपणापासून वाटत आलेलं. मागच्या पाळीला पिळ्ळम्माने त्याच्या शेताचं पाण्याचं दार दोन तास आधी बंद केलं होतं. ते त्याच्या अजून गळ्याखाली उतरलं नव्हतं.

"दुष्काळ आहे," तो म्हणाला. "थेंब न् थेंब मोजून वापरायचा. आणि आपण काय करतो? एका म्हातारीच्या टाचेवर गाव चालवतो."

"टाच धुऊन आणू का, गौडा?" पिळ्ळम्मा खालून म्हणाली.

लोक हसले. गौडाने ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "बायकांच्या संघाकडे ड्रोन आलाय. वरून चित्र काढतो. कुठलं पीक तहानलंय, कुठलं नाही, रंगात दाखवतो. या वेळची पाळी त्या चित्राप्रमाणे द्यायची. जमलं, तर गंगम्माच्या जत्रेला दांडा पंचायतीच्या खोलीत जमा. मोरीला मोटर बसवू, बटण दाबलं की पाणी."

"आणि चित्र चुकलं तर?" शेवटच्या शेतातला गुर्रप्पा म्हणाला. पाटाच्या शेपटाला त्याची नाचणी. त्याच्यापर्यंत पाणी येईतो त्याची दाढी वाढते, असं गाव म्हणायचं.

"चित्र चुकत नाही! माणसं चुकतात. म्हणूनच सांगतो, एकच चित्र बघायचं, रंगाचं. त्याने दाखवलं तसं वागायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, कुणी टाच घालायची नाही."

माना हलल्या. नव्या गोष्टीला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि प्रत्येकाला मनातून वाटत होतं की आपलं शेत सगळ्यांत तहानलेलं निघणार. पिळ्ळम्मा सुपारी कातरत राहिली. दांडा गेला तर पेंढ्या जाणार, ते तिने निभावून नेलं असतं. पण पहाटे उठून तळ्याकडे जायचंच नाही, या विचाराने तिच्या हातातला अडकित्ता थांबला. मग ती उठली आणि लुगडं झटकून घरी गेली.

बुधवारी ड्रोन आला. स्कूटरच्या मागे पेटी बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून सुगुणा नावाची पोरगी आली. शेजारच्या गावची, दोन लेकरांची आई, बोलायला फटकळ. पहिला दिवस नुसता तालमीचा होता. पाट आणि शेतं नकाशात घ्यायची. तिला वाट दाखवायला पिळ्ळम्मालाच धाडलं होतं.

"नीरगंटी अव्वा म्हणजे तूच का? मला वाटलं, दगड घेऊन मागे लागशील."

"दगड आणला होता. तुझ्याकडे बघून टाकला," पिळ्ळम्मा म्हणाली. "उडव तुझा भुंगा."

भुंगा घोंघावत वर गेला. सुगुणाने पडदा तिच्यापुढे धरला. "हा कॅमेरा ऊन ओळखतो, काय किती तापलंय ते. झाडाला पाणी असलं की पान गार राहतं, ते निळं दिसतं. पाणी नसलं की पान तापतं, ते लाल. भर दुपारीच उडवायचा, तेव्हाच खरं कळतं."

पिळ्ळम्माने पडद्याला नाक लावलं. पाट तिला लगेच ओळखू आला. पण पाटाच्या मध्यावर, मोठ्या चिंचेपाशी, निळ्याचा एक ओघळ वाकडा निघून पडीक जमिनीत शिरला होता.

"हे काय?"

"पाणी मुरतंय तिथे. पाट फुटलाय आतून."

पिळ्ळम्माने पदर खोचला. फावडं मागवलं आणि दोघींनी चिंचेपाशी खणलं. हातभर खाली खेकड्यांनी पोखरलेलं एवढं मोठं बीळ निघालं की त्यात शेळी बसली असती. ओली माती थेट पडिकापर्यंत गेलेली. गेली सहा वर्षं चिंचेच्या पुढे पाणी बारीक व्हायचं आणि गेली सहा वर्षं पिळ्ळम्मा गुर्रप्पाला शिव्या घालत होती, की तू बांध फोडून ठेवतोस, आळशा. एका वर्षी तर दंड म्हणून त्याच्याकडून तळ्यातल्या गाळाच्या वीस पाट्या वाहून घेतल्या होत्या.

ती बिळाकडे बघत राहिली. मग सुगुणाला म्हणाली, "गुर्रप्पाला आज सांगू नकोस. मीच सांगेन. जरा दमाने."

"किती दमाने?"

"माझा दम सुटायच्या आत."

बीळ दगड-चिकणमातीने बुजवून दोघी पिळ्ळम्माच्या खोपीपाशी आल्या. भुंगा परत उतरत होता. उतरता उतरता त्याच्या डोळ्यात खोपीचं छप्पर आलं आणि पिळ्ळम्मा पडद्याकडे बघून थबकली. संक्रांतीला घातलेला नवा पत्रा. अंगणातल्या उन्हात तो असा तापला होता की वर हात ठेववत नव्हता. पडद्यावर मात्र तो निळाशार. आणि त्याच्यावर वाळत घातलेल्या मिरच्या लाल ठिपक्यांसारख्या दिसत होत्या, तळ्यात कुणी कुंकू शिंपडावं तशा.

"पोरी, माझ्या छपरावर पाणी साठलंय?"

सुगुणा खळखळून हसली. "चकचकीत पत्रा म्हणजे आरसाच, अव्वा. त्याच्यात वरचं आभाळ दिसतं, आणि वरती फार गार असतं. कॅमेरा फसतो. म्हणून पत्र्याची छपरं आम्ही धरत नाही."

"म्हणजे हा पण फसतो."

"फसतो की. माणसांनीच केलाय."

पिळ्ळम्माने हे वाक्य सुपारीच्या चंचीत टाकल्यासारखं मनात जपून ठेवलं. सुगुणाला तिने नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, आणि हुलग्याचं सार वाढलं, आणि पोरीने दुसऱ्यांदा सार मागून घेतलं तेव्हा तिचं मन पुरतं निवलं.

खरं उड्डाण शुक्रवारी होतं. गुरुवारी नारेप्पाच्या चहाच्या दुकानात बसायला जागा नव्हती. लाल झालेल्याला आधी पाणी, एवढं सगळ्यांना कळलं होतं. आता लाल कसं व्हायचं, यावर खल चालला होता.

"मी बायकोचं लाल लुगडं अंथरतो," दोड्डण्णा म्हणाला.

"बायको आत आहे की बाहेर?" नारेप्पाने विचारलं.

"तांबडी माती टाकली तर?"

"आपल्या शेतात दुसरी कुठली माती आहे रे? सगळी तांबडीच!"

तम्मेगौडा कोपऱ्यात बसला होता. तो या गमतीत नव्हता, पण त्याची बशी बराच वेळ ओठाजवळ तशीच होती. पिळ्ळम्माने दाराशी उभं राहून चहा घेतला आणि कुणालाच न सांगितल्यासारखं बोलली.

"रंगाचं काही नाही रे त्यात. लुगडी सांभाळा. तो भुंगा ऊन ओळखतो, ऊन. तापलेलं पान लाल."

"हां, हे बरोबर," दोड्डण्णा म्हणाला.

"ऊन पण काय पडलंय! माझ्या नव्या पत्र्यावर काल हात टेकवला, तर कातडं निघायचं बाकी होतं. पापड भाजावा असा तापतो मेला."

एवढं बोलून तिने पेला खाली ठेवला आणि ती निघून गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या दोन्हींच्या मधे काय होतं, ते तिने सांगितलं नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही. गौडा बशीतला चहा न पिताच उठला. त्याच्या दारात गोठ्यासाठी आणलेले अठरा नवेकोरे पत्रे पडून होते.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला गाव जेवायला घरी गेलं होतं. पिळ्ळम्मा तळ्याच्या मोठ्या बांधावर करंजाच्या सावलीत बसली होती. तिथून सगळी शेतं ताटात वाढल्यासारखी दिसतात. तिने बघितलं, तम्मेगौडा आणि त्याचा जावई डोक्यावर पत्रे घेऊन टोमॅटोच्या सऱ्यांतून पळताहेत. जावयाचा पाय चिखलात गेला, पत्रा वाजला, गौडाने त्याला हळू आवाजात एक सणसणीत शिवी दिली. हळू आवाजातली शिवी लांबवर जाते. सासऱ्याच्या शेतात ओल एवढी की जावयाचा पाय रुतला, हेही पिळ्ळम्माने मनात टिपून ठेवलं. अठराही पत्रे तिने मोजले.

थोड्या वेळाने सुगुणा आली, भुंगा वर गेला. तिने पडद्याकडे बघितलं. मग गौडाच्या शेताकडे बघितलं. मग पिळ्ळम्माकडे बघितलं.

"अव्वा."

"काय गं?"

"हे काय आहे?"

"मला काय विचारतेस! चित्र काय म्हणतं?"

"निळं म्हणतं."

"मग निळं."

सुगुणाने ओठ दाबून धरले. "मला कुणी विचारलं, तर मी खरं ते सांगणार हं. साधं चित्रही काढलंय मी, त्यात पत्रे दिसतात."

"सांग की. विचारू दे तरी कुणी. एकच चित्र बघायचं, असं गौडाने भर बैठकीत म्हटलंय."

ऊन कलल्यावर गाव कट्ट्यावर जमलं. शाळेतला मोठा टीव्ही आणून देवळाच्या ओट्यावर ठेवला होता. चित्र उमटलं तसा जो तो आपलं शेत शोधायला पुढे घुसला. पाटाच्या शेपटाकडची शेतं लालभडक. गुर्रप्पाचं तर निखाऱ्यासारखं. मधली शेतं पिवळी. दोड्डण्णाचं शेतही पिवळंच होतं, लुगडं अंथरलं होतं तिथेही. त्याची बायको त्याच्याकडे अशी बघत होती की तो खांबामागे सरकला.

आणि मोरीला लागून पहिलंच शेत निळं. नुसतं निळं नाही, काळंनिळं. त्यात अठरा लांबट चौकोन, सुरीने कापल्यासारखे.

 मग गुर्रप्पा म्हणाला, "गौडा, एवढं पाणी? अहो, तळ्यात नाही एवढं!"

"चोरून पाइप टाकलाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"चोरलेल्या पाण्याला दंड, गाळाच्या चाळीस पाट्या! स्वतःच्या डोक्यावर!"

गौडा टीव्हीपुढे धावला. "पाइप? कसला पाइप? हे चित्र चुकलंय!"

"चित्र चुकत नाही," पिळ्ळम्मा पायरीवरून शांतपणे म्हणाली. "माणसं चुकतात."

"अरे पण बघा की नीट! पाण्याला असे कोपरे असतात का? चार-चार कोपरे! असं चौकोनी पाणी बघितलंय का कुणी?"

"तुमच्याच शेतात बघतोय," नारेप्पा म्हणाला. "आमच्याकडे पाणीच नाही, चौकोनी नाही नि गोलही नाही."

आता गौडाची पुरती कोंडी झाली. गप्प बसावं तर पाणीचोर, खरं सांगावं तर लबाड.  तेवढ्यात त्याची सुटका झाली, पण ज्या वाटेने झाली ती त्याला नको होती. त्याची बायको अक्कयम्मा गर्दीतून वाट काढत पुढे आली. हातात चिखलाने माखलेलं फडकं होतं.

"मी विचारते, गोठ्याचे पत्रे चिखलात कुणी लोळवले? सकाळी कोरे होते, आता परत आणून टाकलेत ते अठराच्या अठरा बरबटलेले! जावई म्हणतात, मामांना विचारा. सांगा मामा!"

गंगम्माच्या कट्ट्यावर एवढं हसू मी तरी दुसऱ्यांदा ऐकलं नाही. दोड्डण्णाची बायकोसुद्धा हसली, आणि दोड्डण्णा खांबामागून बाहेर आला. सुगुणाला कुणीतरी विचारलं, तशी तिने आरशाची आणि आभाळाची गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

हसू ओसरल्यावर गौडा कसनुसा म्हणाला, "बरं, झालं. पत्रे होते. पाणी चोरलं नाही, एवढं तर कळलं? आता माझी पाळी कधी?"

"चित्राप्रमाणे," गुर्रप्पा म्हणाला. "निळं सगळ्यांत शेवटी. तुमचाच नियम."

"पण ते निळं पत्र्याचं आहे! खालची जमीन तहानलेली आहे की नाही, हे त्यात दिसतच नाही!"

"खरं आहे," सुगुणा म्हणाली. "त्या शेताचं काहीच सांगता येत नाही. पुन्हा उडवायला हवं. पण आता ऊन कललं, आणि उद्यापासून माझ्याकडे अकरा गावं आहेत. दहा दिवसांनी येईन."

दहा दिवसांत चार खाचा संपून मोरी बंद झालेली असणार, हे कट्ट्यावरच्या लहान पोरालाही कळत होतं. गौडाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग सगळ्यांच्या नजरा जिकडे गेल्या होत्या तिकडेच त्याचीही गेली.

"पिळ्ळम्मा, तू जरा बघून येतेस का शेत?"

"मी?" तिने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मी काय बघणार? टाच घालायची नाही असं ठरलंय."

"अगं, जाऊ दे ना ते."

"ऐकू येत नाही हो, गौडा. कट्टा उंच आहे."

गौडा एक पायरी उतरला. मग दुसरी. मग नीरगंटीच्या पायरीवर, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिथे त्याच्या घराण्यातलं कुणी आजवर उभं राहिलं नव्हतं. "पिळ्ळम्मा," तो म्हणाला, "भुंगा वरून बघू दे. पण खाली टाच लागतेच. दांडा तुझ्याकडेच राहू दे."

"मोटर?"

"मोटर नको."

"हे वर कट्ट्यावर ऐकू गेलं का रे?" तिने मान न वळवता विचारलं.

"गेलं, गेलं!" त्र्याण्णव शेतांचे धनी एकदम ओरडले.

मग ती उठली. अख्खं गाव तिच्या मागून टोमॅटोच्या शेतावर गेलं. पिळ्ळम्माने चप्पल काढली, सरीत टाच रोवली, अर्धा वळसा घेतला. तीन ठिकाणी असं केलं.  तिने खाली वाकून टाचेला लागलेला गोळा बोटात घेतला, दाबला, आणि तो न फुटता तिच्या तळहातावर पेढ्यासारखा बसला.

"अजून चार दिवस पाणी लागत नाही," ती म्हणाली. "जावयाचा पाय उगाच नाही रुतला. सगळ्यांत शेवटी घ्या, पण मिळेल. माझ्या शब्दावर मिळेल."

तम्मेगौडाला नाही म्हणता येईना. ज्या टाचेला त्याने सगळ्यांसमोर बोलावून आणलं होतं, तिनेच हे सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिळ्ळम्माने दांडा उचलला. पाणी आधी शेपटाकडे गेलं. चिंचेपाशी ते पूर्वीसारखं बारीक झालं नाही, भरल्या पाटाने पुढे धावलं. गुर्रप्पा बांधावर वाट बघत होता. दाढी करून आला होता.

"अक्का, एवढं लवकर? आणि एवढं?"

"चिंचेखाली खेकड्यांचं बीळ होतं," पिळ्ळम्मा पाण्याकडे बघत म्हणाली. "सहा वर्षांचं. त्या पोरीच्या भुंग्याने दाखवलं."

गुर्रप्पाने चिंचेकडे बघितलं. "म्हणजे मी बांध फोडत नव्हतो."

"नव्हतास."

"आणि त्या वीस पाट्या?"

"त्या वीस पाट्या मी वाहीन. उन्हाळ्यात गाळ काढायला लागलो की सांग."

"तुझ्या वयाला वीस?" गुर्रप्पा हसला. "दहा तू वाहा, दहा त्या भुंग्याला बांधू."

चार खाचांत पाळी पुरी झाली. गौडाचं शेत भिजलं तेव्हा पाणी तिसऱ्या खाचेच्या दोन बोटं वर होतं. ती दोन बोटं चिंचेखालचं बीळ बुजवल्याने वाचलेली, असं सुगुणा म्हणते. पिळ्ळम्मा म्हणते, मागच्या पाळीला गौडाचं दार दोन तास आधी बंद केल्यामुळे. यावर दोघींचं अजून एकमत नाही.

जत्रेला दांड्याला हळद-कुंकू लागलं आणि भुंग्यालाही लागलं. आता सुगुणा महिन्यातून एकदा येते, भर दुपारी उडवते, आणि पिळ्ळम्मा तिच्या शेजारी बसून शेतांची नावं सांगते. गौडाचा गोठा आता पत्र्यांनी झाकलाय. चिखल धुतला, पत्रे पुन्हा चकचकीत झाले. त्यामुळे दर वेळी चित्रात गावाच्या मधोमध एक गडद निळं तळं दिसतं, धारदार कोपऱ्यांचं. लोक त्याला गौडाचं तळं म्हणतात आणि पाणी कमी पडलं की विचारतात, त्याची मोरी उघडायची का.

"त्या मोरीचा दांडा मात्र मी धरणार नाही," पिळ्ळम्मा सांगते. "तो गौडांनी स्वतः उचलावा. जावई आहेतच मदतीला."